दादाला पहिल्यापासून धंद्याचीच आवड

प्रश्न :

ताई, नमस्कार. माझं वय ५०. सोलापुरात पूर्व भागात राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे बारा यंत्रमाग आहेत, टर्किश टॉवेल काढतो.

१९९३ साली बारावी सायन्सला चांगले मार्क पडले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून प्रवेशाचं पत्र आलं. त्याच सुमारास वडिलांची गिरणी बंद पडली. आई विड्या वळायची, पण तेवढ्यावर घर चालेना. ते पत्र मी कुणाला दाखवलंच नाही. नंबर लागला नाही असं सांगितलं आणि एका नातेवाइकाच्या कारखान्यात मागावर उभा राहिलो. पुढं दोन जुने माग घेतले. वडील सुताच्या कांड्या (मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरायचे, मी माग चालवायचो. त्यावरच बहिणीचं लग्न झालं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं. तो आज बंगळुरूला मोठ्या पदावर आहे. वडील आता नाहीत.

माझ्याच बाकावरचा मित्र त्या वर्षी पुण्याला गेला. आता हिंजवडीत नोकरी, वाकडला फ्लॅट. गड्ड्याच्या जत्रेला येतो तेव्हा भेटतो. तो परत गेला की कितीतरी दिवस मला झोप लागत नाही. मार्क तर माझे जास्त होते. गेलो असतो तर आज कुठं असतो? सूत महागलं, लाइट गेली, कामगार आला नाही की हेच डोक्यात येतं. भाऊ पाहुण्यांना सांगतो, 'दादाला पहिल्यापासून धंद्याचीच आवड.' मी गप्प बसतो.

आता मुलगी बारावीला आहे. तिला टेक्स्टाइल करायचंय, आपलाच कारखाना पुढं न्यायचाय म्हणते. मी तिला पुण्याला कॉम्प्युटरलाच घालणार आहे. यावरून घरात रोज भांडण. माझं चुकतंय का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

'जे होतं ते चांगल्यासाठीच' असं मी तुम्हाला म्हणणार नाही. अठराव्या वर्षी हातात आलेली जागा तुम्ही सोडलीत. ते नुकसान खरं आहे, आणि त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना आणि नंतर लोकांशी बोलत बसताना मी पाहिलंय की असं दुःख कुणी हसण्यावारी नेलं तर ते अधिकच घट्ट होतं.

तरीही रात्री जागून तुम्ही जो हिशेब मांडता, तो मला पटत नाही. १९९३ साली हिंजवडीत आयटी पार्क नव्हता. तुमच्या मित्राला तिथली नोकरी दिसत होती म्हणून तो गेला असं नाही. तो गेला आणि पुढं काळ त्याच्या बाजूनं वळला. आणि तुमच्या मनातल्या त्या पुण्यात २००१ ची मंदी येत नाही, २००८ ची येत नाही, कुणाला नारळ मिळत नाही, कुणाची आई सोलापुरात एकटी आजारी पडत नाही. इकडं कारखान्याच्या वहीत मात्र नोटबंदी आहे, जीएसटी आहे, २०२० चा लॉकडाऊन आहे. एका बाजूला सगळा खर्च मांडलेला आणि दुसरीकडं फक्त जमा. तुम्ही धंदेवाईक माणूस आहात. अशी वही दुसऱ्या कुणी तुमच्यापुढं ठेवली असती तर तुम्ही ती परत केली असती.

न केलेल्या गोष्टींचं असंच होतं. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की केलेल्या गोष्टीचा पस्तावा आधी जास्त टोचतो, पण वर्षं सरतात तशी न केलेली गोष्टच जास्त सलत राहते. केलेल्या गोष्टीचा शेवट आपण पाहिलेला असतो, न केलेलीत दर वर्षी नवी भर घालता येते. याच दोघांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले खेळाडूंचे चेहरे तपासले, तेव्हा रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्य मिळालेले जास्त खुश दिसले. दुसऱ्या नंबरवाल्याची नजर हुकलेल्या सुवर्णावर असते. तुमचं सुवर्णपदक दर वर्षी गड्ड्यात तुमच्याशी गप्पा मारायला येतं. एकच बाक, मार्क तुमचे जास्त. झोप उडणारच. 'खाली बघा, किती जणांचं काय झालं' असला सल्ला मी देणार नाही, त्यानं कुणाला झोप लागलेली मी पाहिली नाही.

पण मी जास्त वेळ थांबले ते तुमच्या भावाच्या वाक्यापाशी. तुम्ही सुताबद्दल तक्रार केलीत, लाइटबद्दल केलीत. त्या वाक्यापुढं मात्र फक्त 'मी गप्प बसतो' एवढंच लिहिलंय. माझा अंदाज असा की तुमची झोप पुण्यानं तितकी उडवलेली नाही. इंजिनिअर होऊन काय करायचं होतं, कुठली शाखा हवी होती, यावर पत्रात एक ओळ नाही. कांड्या, जुने माग, बहिणीचं लग्न मात्र ओळीनं आलंय. तुम्ही केला तो निर्णय होता, आणि तुमच्या घरात तो निर्णय म्हणून कुणाला ठाऊकच नाही. नंबर न लागलेला मुलगा मागावर गेला, त्याला तेच आवडलं, अशी गोष्ट घरात रूढ झाली. ती तुम्हीच तयार केलीत, वडिलांना ओझं वाटू नये म्हणून, आणि वडिलांच्या हयातीपुरती ती योग्यच होती असं मला मनापासून वाटतं. आता तिची गरज उरलेली नाही.

भावाला सांगा. पुढच्या वेळी तो आला की त्याला कारखान्यात न्या, तिथं सांगा. घरात तुम्ही जी भाषा बोलता, पूर्व भागातल्या बऱ्याच घरांसारखी तेलुगू असेल तर तेलुगूत, तिच्यातच सांगा. 'तुझ्यासाठी मी एवढं केलं' असं नको, ते लगेच बिलासारखं होईल आणि तो हिशेब चुकता करायला बघेल. 'माझा नंबर लागला होता, मी गेलो नाही' एवढं बास. नंतर तो काय बोलतो त्यावर काही ठरवू नका. त्याला वेळ लागेल. आईला सांगायचं की नाही, ते मात्र घाईनं नको. या वयात त्या स्वतःलाच बोल लावत बसतील अशी भीती असेल तर भावाशी बोलून दोघं मिळून ठरवा.

आता मुलगी. होय, इथं तुमचं चुकतंय. तुमच्यावर परिस्थितीनं जी सक्ती केली ती तिच्यावर तुम्ही करताय, फक्त दिशा उलटी. १९९३ साली तुमची इच्छा कुणी विचारली नाही, कारण कुणाला माहीतच नव्हती. ही पोरगी तर तोंडानं सांगतेय.

धंद्याबद्दलची तुमची काळजी मला पोकळ वाटत नाही. एवढ्या मोठ्या गिरण्या या शहरानं एकामागून एक बंद पडताना पाहिल्या आहेत. म्हणून ती काळजी तिच्यापुढं आकड्यांत ठेवा. वर्षभराची सुताची बिलं, विजेची बिलं, अडकलेली उधारी, सगळं तिला दाखवा. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राला, किती पैसे लागतील ते तिलाच काढायला सांगा. त्यानंतरही ती ठाम राहिली तर तिला काय करायचंय ते तिला समजलंय असं धरा.

शिकायला मात्र तिनं सोलापूरबाहेर जावं असं माझं मत आहे. इचलकरंजीला डीकेटीई आहे, मुंबईला व्हीजेटीआय आहे, दोन्हीकडं टेक्स्टाइलची पदवी मिळते. सीईटी तीच द्यायची आहे, त्यामुळं अभ्यासात काही बदलत नाही. चार वर्षांनी तिला परत यावंसं वाटलं नाही, तर तेही तिचंच. कॉम्प्युटरची कॉलेजं यादीत ठेवायची असतील तर तिला विचारून ठेवा, आणि कुठल्या नंबरला ठेवायची ते तिला ठरवू द्या. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म ती भरत असताना तुम्ही शेजारी बसा, फी आणि हॉस्टेलचं विचारा. भावाशी बोलणं त्याआधी उरका. मनात ते साचलेलं असताना तुम्हाला नुसतं शेजारी बसणं जमणार नाही.