'गँग ऑफ फोर' या बँडला एवढं का मानतात, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंत, की ज्या बँडचं एकही गाणं ब्रिटनच्या गाण्यांच्या विक्रीच्या यादीत पहिल्या पन्नासात पोचलं नाही, त्या 'गँग ऑफ फोर'चं नाव एवढे मोठमोठे वादक आदराने का घेतात, आणि ऐकायचं झालं तर सुरुवात कुठून करायची. मी हा बँड बरीच वर्षं ऐकतोय, त्यांची गाणी मित्रांबरोबर वाजवायचा प्रयत्नही केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते त्यांचं राजकारण शब्दांइतकंच वादनात होतं. चार माणसांनी, चार वाद्यांनी एकमेकांशी कसं वागायचं इथपासूनच ते सुरू व्हायचं. पुढच्यांनी त्यांच्याकडून जे घेतलं ते मुख्यतः हे वागणं.

गिटार वाजवणारा अँडी गिल आणि गाणारा जॉन किंग हे इंग्लंडच्या केंटमधल्या सेव्हनओक्सच्या शाळेतले मित्र. दोघंही लीड्स विद्यापीठात चित्रकला शिकायला आले. तिथे त्या काळात टी. जे. क्लार्क होते. मार्क्सवादी कला-इतिहासकार. चित्र कसं काढलंय याच्या जोडीने ते कोणाच्या पैशावर आणि कोणासाठी काढलंय, हेही विचारायला शिकवणारा माणूस. या दोघांनी तोच प्रश्न उचलला आणि पॉप गाण्याला लावला. १९७६ मध्ये अभ्यासासाठी मिळालेल्या पैशावर दोघं न्यूयॉर्कला गेले, 'सीबीजीबी' क्लबमध्ये तिथले नवे बँड ऐकून आले आणि बँड काढायचं ठरवून परतले. ड्रमवर ह्यूगो बर्नहॅम आला, तोही लीड्सचाच विद्यार्थी. बेस वाजवणारा डेव्ह ॲलन मात्र उत्तरेकडच्या केंडल गावचा, जाहिरात वाचून आलेला, आणि चौघांत वाद्यावर खरा हात बसलेला तोच.

नाव त्यांना मित्राने सुचवलं. माओच्या निधनानंतर चीनमध्ये सत्ताधाऱ्यांतली जी चौकडी, म्हणजे 'गँग ऑफ फोर', पकडली गेली, तिच्या बातम्या तेव्हा इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत झळकत होत्या. 'मेकॉन्स' या लीड्सच्याच दुसऱ्या बँडमधल्या अँडी कॉरिगनने ते नाव या चौघांना चिकटवलं. मेकॉन्स, डेल्टा फाइव्ह आणि हे, सगळी एकाच वर्तुळातली मंडळी. वाद्यं, ॲम्प्लिफायर आपसात वापरायची, एकाच पबमध्ये बसायची. आणि शहर साधंसुधं नव्हतं. कापडाचा धंदा उतरणीला लागलेला, बेकारी वाढलेली, आणि नॅशनल फ्रंटचे वंशद्वेष्टे रस्त्यावर तर यायचेच, पबमध्ये आणि कार्यक्रमांतही घुसून मारामाऱ्या करायचे. 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या वंशद्वेषविरोधी चळवळीच्या मंचावर उभं राहायचं म्हणजे अंगावर काय येईल याची तयारी ठेवूनच. या बँडच्या आवाजातला ताण पुस्तकी वाटत नाही, त्याचं एक कारण मला हे वाटतं.

आता मुख्य मुद्दा, आवाज. तोवर रॉकमध्ये गिटार म्हणजे घरातला कर्ता पुरुष. बाकीच्यांनी त्याच्यामागे चालायचं, आणि मध्यावर त्याने सोलो घ्यायचा. गिलने हे सगळं काढून टाकलं. 'डॉक्टर फीलगुड' या बँडचा गिटारवाला विल्को जॉन्सन याचा तुटक, खटके घेणारा हात त्याला आवडायचा. दुसरीकडून फंक आणि रेगे, त्यातही डब, म्हणजे वाद्यं मध्येच गायब करायची ती जमैकन पद्धत. यातून त्याने जे केलं त्यात गिटार स्वर लांबवत नाही. ती एक खडखडीत घाव घालते आणि थांबते. मग कधी दोन मात्रा, कधी चार, काहीच नाही. वाल्व्हचे ॲम्प्लिफायर आवाजाला ऊब देतात म्हणून गिटारवाले त्यांच्या प्रेमात असतात. गिलने मुद्दाम ट्रान्झिस्टरचे घेतले, कारण त्याला तो कोरडा, धारदार आवाजच हवा होता.

जागा रिकामी झाली की दुसऱ्याला ती घेता येते. ॲलनचा बेस या गाण्यांची चाल चालवतो. गुणगुणायला जे हाती लागतं ते बहुतेकदा बेसचंच असतं. बर्नहॅमचा ठेका नाचायला लावणारा, पण पाऊल सरळ पडू न देणारा. आपल्या तालात खालीची मात्रा जशी मोजून धरतात, तशी इथली शांतताही मोजलेली आहे. ती चुकली तर गाणं कोसळतं. मित्रांबरोबर 'डॅमेज्ड गुड्स' वाजवताना मला हे नीट कळलं. त्यातली गिटार बोटांना अवघड नाही. अवघड आहे ते न वाजवणं, हात आवरून दुसऱ्याचं ऐकत उभं राहणं. समानतेबद्दल घोषणा देणारे बँड तेव्हा पुष्कळ होते, पण त्यांचा गिटारवाला तेवढ्यातही सोलो घ्यायचाच.

एडिंबरामधल्या 'फास्ट प्रॉडक्ट' या छोट्या कंपनीने १९७८ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड काढली, आणि पुढच्याच वर्षी ते ईएमआय या बड्या कंपनीकडे गेले. डाव्या वर्तुळात यावरून बरीच टीका झाली. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. ज्यांना गाठायचंय ते लोक बाजारात आहेत, तर बाजारातच जायला हवं.

१९७९ च्या सप्टेंबरमध्ये 'एंटरटेनमेंट!' हा त्यांचा पहिला अल्बम आला. बारा गाणी, लंडनच्या ओल्ड केंट रोडवरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली. ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत तो ४५ व्या क्रमांकापर्यंत गेला, बस. पण या एका रेकॉर्डवर पुढची चाळीस वर्षं लोक उभे राहिले. मुखपृष्ठापासूनच विषय सुरू होतो. लालभडक पार्श्वभूमीवर एका वेस्टर्न सिनेमातला मूळ अमेरिकन माणूस आणि काउबॉय हस्तांदोलन करतायत, तीच प्रतिमा तीनदा. भोवतीच्या मजकुराचा आशय असा: हा हसतोय, त्याला वाटतं काउबॉय आपला मित्र आहे. काउबॉय हसतोय, कारण हा फसला आहे. आता याला लुबाडता येईल.

गाण्यांचे विषय ऐकाल तर चकित व्हाल. फुरसतीचं करायचं काय आणि मजा म्हणून आपल्याला नेमकं काय विकलं जातं, हे एकात. लग्न हा करार कसा असतो, हे दुसऱ्यात. इतिहास थोर पुरुष घडवतात हे पुस्तकांतलं गृहीतक तिसऱ्यात मोडलेलं. संध्याकाळी चहाच्या वेळी टीव्हीवर दूरदेशीच्या युद्धाच्या बातम्या बघणारा माणूस चौथ्यात. 'रिटर्न द गिफ्ट'च्या शेवटी किंग एकच मागणी पुन्हा पुन्हा करत राहतो, की मला माझ्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवार पाठवा. नोकरी करणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. आणि यात कुठेही 'उठा, लढा' नाही. गाणारा माणूस स्वतःच त्या जाळ्यात आहे आणि आत बसून बघतोय.

ही पद्धत जर्मन नाटककार ब्रेख्तकडून आलेली आहे. पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' त्याच्याच नाटकावरून बेतलेलं, त्यामुळे मराठी नाटकवाल्यांना ब्रेख्त नवा नाही. प्रेक्षकाला भावनेत वाहून जाऊ द्यायचं नाही, मध्येच जागं करायचं. 'ॲन्थ्रॅक्स'मध्ये त्यांनी हे ज्या तऱ्हेने केलंय तसं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. सुरुवातीला बराच वेळ नुसता गिटारचा फीडबॅक, कण्हल्यासारखा. मग एका कानात किंग गातोय, की प्रेमात पडणं म्हणजे जनावरांचा रोग लागण्यासारखं आहे. त्याच वेळी दुसऱ्या कानात गिल सपाट आवाजात बोलतोय, की बहुतेक बँड प्रेमावर गाणी का करतात आणि दोन माणसांमधल्या गोष्टीभोवती उगाच गूढ का उभं करायचं. दोन्ही एकदम ऐकता येत नाही. कोणाकडे लक्ष द्यायचं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

'ॲट होम ही इज अ टूरिस्ट' हे गाणं ५८ व्या क्रमांकावर गेलं आणि बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'चं बोलावणं आलं. त्या काळी या कार्यक्रमात दिसणं म्हणजे लाखो घरांत पोचणं. पण गाण्यात निरोधाचा बोलीतला उल्लेख होता. बीबीसीला तो चालेना. बँडने एक शब्द बदलून दिला, तोही चालेना, कारण बदल केलाय हे कळायलाच नको अशी बीबीसीची इच्छा होती. बँड स्टुडिओतून निघून गेला. १९८२ मध्ये 'आय लव्ह अ मॅन इन अ युनिफॉर्म' हे त्यांचं सर्वांत सोपं, सर्वांत नाचरं गाणं आलं, गर्दी जमेल असं. नेमकं तेव्हाच ब्रिटनचं अर्जेंटिनाशी फॉकलंडचं युद्ध सुरू होतं, आणि गणवेशातल्या मर्दानगीची झाडाझडती घेणारं गाणं बीबीसीने लावणं बंद केलं. दोनदा दार उघडलं आणि दोनदा बंद झालं. ते गाजले का नाहीत, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं बँडच्या आत आहे. १९८१ चा 'सॉलिड गोल्ड' जड आणि अंधारा, मला फार आवडतो. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात ॲलन बँड सोडून गेला. त्याच्या जागी सारा ली आली, ती उत्तम वादक, पुढे 'बी-५२ज'बरोबरही वाजवत होती. तरी मूळ चौघांतली ती ओढाताण गेली ती गेलीच. नंतर बर्नहॅमलाही काढलं आणि १९८३ च्या 'हार्ड'नंतर सगळं आटोपलं. नव्वदच्या दशकात गिल आणि किंग यांनी दोन रेकॉर्ड काढल्या, त्या नाही ऐकल्यात तरी चालेल.

पण तोपर्यंत बी दूर जाऊन पडलं होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोच्या 'मिनिटमेन'ने गिटार आणि बेस यांचं असं वेगवेगळं राहणं आपलंसं केलं. 'आरईएम' हा अमेरिकी बँड सुरुवातीच्या काळात यांच्या आधी मंचावर यायचा आणि त्यांचा गायक मायकल स्टाइपने यांचं ऋण उघडपणे मान्य केलंय. 'रेड हॉट चिली पेपर्स'ला हा आवाज इतका हवा होता, की त्यांची १९८४ ची पहिली रेकॉर्ड त्यांनी गिलकडून करून घेतली. त्यात भांडणंही भरपूर झाली. 'निर्वाणा'च्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या पन्नास रेकॉर्डची यादी वहीत लिहून ठेवली होती, तिच्यात 'एंटरटेनमेंट!' आहे. फुगाझी, रेज अगेन्स्ट द मशीन ऐका, तिथेही हाच तुटक घाव. मग २००४ च्या आसपास फ्रान्झ फर्डिनंड, ब्लॉक पार्टी, फ्यूचरहेड्स अशी पोरांची लाटच आली. फ्यूचरहेड्सच्या पहिल्या रेकॉर्डच्या कामात तर गिलचाच हात होता. २०२० मध्ये 'रन द ज्वेल्स' या रॅप जोडीने 'ईथर'चा तुकडा घेऊन नवं गाणं बांधलं. 'ईथर' उत्तर आयर्लंडच्या तुरुंगातल्या छळावर आहे, आणि त्यांनी तो तुकडा अमेरिकेत पोलिसांविरुद्ध रस्ते पेटलेले असताना प्रसिद्ध केलेल्या रेकॉर्डवर वापरला. मला हा वारसा सर्वांत अस्सल वाटतो.

कारण बाकी बऱ्याच जणांनी ठेका घेतला आणि प्रश्न तिथेच ठेवला. २००४ च्या लाटेतली गिटार हुबेहूब गिलची, पण गाणी पुन्हा पार्टी आणि प्रेमभंगाचीच. ती वाईट नाहीत, मीही त्यांवर नाचलोय. पण रिकाम्या जागेत काय विचारायचं होतं ते त्यांत हरवलं, याचं मला वाईट वाटतं. 'नॅचरल्स नॉट इन इट' हे फुरसतीच्या बाजाराबद्दलचं गाणं पुढे एका व्हिडिओ गेमच्या उपकरणाच्या जाहिरातीत वाजलं. त्यावर चाहते चिडले होते. बँडला मात्र मूळ रेकॉर्डमधून फारसे पैसे कधी मिळालेच नव्हते. चौघं पुन्हा एकत्र आल्यावर २००५ मध्ये त्यांनी आपली जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली ती याच कारणाने, की विक्रीचा पैसा जुन्या कंपनीकडे जाऊ नये. त्यामुळे जाहिरातीसाठी त्यांना नावं ठेवणं मला जमत नाही.

गिल शेवटपर्यंत नव्या मुलांना घेऊन बँड चालवत राहिला. चीनचा दौरा करून आल्यावर काही आठवड्यांतच, १ फेब्रुवारी २०२० रोजी, न्यूमोनियाने तो गेला, वयाच्या ६४ व्या वर्षी. पुढच्या वर्षी त्याच्या आठवणीत इतरांनी वाजवलेल्या गाण्यांची रेकॉर्ड निघाली, तिचं मुखपृष्ठ प्रसिद्ध ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टने केलं. डेव्ह ॲलन एप्रिल २०२५ मध्ये गेला. किंग आणि बर्नहॅम त्याच वर्षी निरोपाच्या दौऱ्यावर होते.

सुरुवात 'डॅमेज्ड गुड्स'पासून करा, पहिल्यांदा फक्त बेस ऐका आणि दुसऱ्यांदा फक्त गिटार. मग 'नॅचरल्स नॉट इन इट' आणि 'नॉट ग्रेट मेन'. तिथवर मजा आली तर 'एंटरटेनमेंट!' सलग ऐका, जेमतेम चाळीस मिनिटांची आहे, आणि त्यानंतर 'सॉलिड गोल्ड'. 'ॲन्थ्रॅक्स' मात्र हेडफोन लावूनच ऐका. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही आवाज मिसळून जातात आणि हाती काहीच लागत नाही.