पुण्यात बसून समुद्रातल्या चक्रीवादळाची तीव्रता उपग्रहचित्रावरून कशी ओळखावी?

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने पुण्यातही झाडे पाडली, म्हणून हा प्रश्न पुणेकरांनाही महत्त्वाचा आहे. भर समुद्रात वारा मोजणारी साधने विरळ असल्याने तीव्रता मुख्यतः ढगांच्या रचनेवरून ठरवतात. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील इन्सॅट उपग्रहांच्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रांत ढगमाथे जितके थंड, केंद्राभोवतीचे पट्टे जितके घट्ट गुंडाळलेले आणि डोळा (केंद्रातला जवळपास ढगविरहित भाग) जितका उबदार व स्पष्ट, तितका ड्वोराक पद्धतीतील, म्हणजे ढगांच्या रचनेवरून तीव्रता ठरवण्याच्या पद्धतीतील, टी-क्रमांक (तीव्रतेचा अंक) वाढतो. त्यावरून वाऱ्याचा वेग काढतात. दाट ढगांनी केंद्र झाकले, तर केवळ अवरक्त चित्रावर विसंबू नये. अशा वेळी ध्रुवीय कक्षेतील उपग्रहांची सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) निरीक्षणे ढगांच्या आतील रचना दाखवतात.