मेंटेनन्स चालू असताना मुलाला शाळेत पाठवावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मोठी केमो संपून मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून मुख्यतः गोळ्यांवर चालणारा लांबचा टप्पा, सुरू झालंय. मुंबईचे डॉक्टर शाळा सुरू करा म्हणतात, सासूबाई म्हणतात ‘काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा) नॉर्मल होऊ दे, मग बघू’, आणि मुख्याध्यापक विचारतात, ‘काही झालं तर जबाबदारी कोणाची?’ तुम्ही राहता तालुक्याच्या गावी, मुंबईपासून सहा तासांवर.

पाठवा. मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात शाळा-समन्वयाचं काम करते, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर थांबायचं काही कारण मला दिसत नाही. मात्र पाठवण्याआधी आठवडाभर तयारी करा.

आधी सासूबाईंच्या मुद्द्याचं बघू, कारण तो बहुतेक घरांत निघतो. मेंटेनन्समध्ये काउंट नॉर्मल होऊ द्यायचाच नसतो. रोजची ६-एमपी आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट या गोळ्यांचा डोस काउंट बघून कमी-जास्त करतात, तो मुद्दाम थोडा खाली राहावा म्हणून. नॉर्मलची वाट बघायची तर उपचार पूर्ण होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन वर्षं, मूल घरी बसेल.

बघायचा आकडा एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिल्स या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) रिपोर्टवर तो लिहिलेला नसेल तर घरी काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशी २४०० आणि न्यूट्रोफिल्स ४५ टक्के असतील, तर २४०० गुणिले ४५ भागिले १००, म्हणजे १०८०. मेंटेनन्समध्ये तो साधारण ५०० ते १५०० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो, केंद्रागणिक थोडा फरक पडतो. ५०० च्या खाली गेला की शाळा बंद, डॉक्टर सांगतील तेव्हा परत सुरू. तुमच्या डॉक्टरांकडून ‘इतक्याच्या वर असेल तर शाळा’ असा एकच आकडा कागदावर लिहून घ्या, म्हणजे दर सोमवारी घरात वाद होणार नाही. प्लेटलेट्सचंही (रक्त थांबवणाऱ्या पेशींचं) विचारून घ्या. ५०,००० च्या खाली असतील तर कबड्डी, खो-खो, लंगडी, धक्काबुक्कीचे खेळ नकोत.

आता ताप. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून सविस्तर सांगते. १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त ताप म्हणजे लगेच दवाखाना, मग मूल खेळत का असेना. काखेतला ताप आतल्यापेक्षा थोडा कमी दिसतो, तेव्हा १०० दिसला तरी फोन करा. शाळेत सहसा काय होतं? बाई मायेने क्रोसिन देतात, ताप उतरतो, मूल दुपारी घरी येतं, रात्री पुन्हा फणफणतं, आणि तोवर जंतुसंसर्गाला आठ तास मिळालेले असतात. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचं नाही. कॉम्बिफ्लॅम तर मुळीच नाही : त्यात आयबुप्रोफेन असतं, ते प्लेटलेट्सचं काम बिघडवतं आणि मेथोट्रेक्सेटही शरीरात साठू शकतं. गुदद्वारातून थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा यातलं काही नको. आणि ताप नसतानाही हुडहुडी भरली किंवा मूल एकदम मलूल झालं, तरी ते तापाइतकंच गंभीर समजा. पोर्ट किंवा पिक लाइन (औषधासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल आणि ती औषधी पाण्याने फ्लश केल्यावर, म्हणजे धुतल्यावर, थंडी वाजली, तर लाइनमध्येच संसर्ग असू शकतो.

दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळावा, असा प्रयत्न असतो. मुंबई सहा तासांवर, म्हणजे तो तुमच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळायला हवा. मुंबईच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात निदान, चालू औषधं, पहिल्या डोसच्या अँटिबायोटिकचं नाव, वजनानुसार मात्रा आणि वॉर्डाचा फोन असावा. ते घेऊन जवळच्या बालरोगतज्ज्ञांना आधीच भेटा. ते औषध आहे का, रात्री दोनला कोण असतं, आधी सीबीसी आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) घेता येईल का, हे विचारा. पत्राच्या तीन झेरॉक्स काढा : एक घरी, एक दप्तरात, एक वर्गशिक्षिकेकडे.

दुसरी मोठी गोष्ट कांजिण्या आणि गोवर. वर्गातल्या कोणाला कांजिण्या आल्या आणि तुमचा मुलगा पंधराएक मिनिटं त्याच खोलीत होता, तर तो संपर्क धरायचा. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होत असते, म्हणून बातमी त्याच दिवशी कळायला हवी. संरक्षक अँटिबॉडीचं इंजेक्शन शक्य तितक्या लवकर, जमल्यास ९६ तासांच्या आत देतात, नाहीतर डॉक्टर असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात. गोवराच्या संपर्कात अशी मुदत सहा दिवसांची. काही घरांत कांजिण्या आल्याची वाच्यता करत नाहीत, चार दिवस ‘गावाला गेलाय’ असं सांगतात. म्हणून बाईंना वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायला सांगा : वर्गातल्या एका मुलाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी आहे, कोणाकडे कांजिण्या, गोवर किंवा नागीण असेल तर कृपया त्याच दिवशी कळवा. मुलाचं नाव देण्याची गरज नाही.

शाळेत वाटल्या जाणाऱ्या गोष्टींवरही लक्ष ठेवा. गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूची असते, ती या काळात त्याला चालत नाही. पोलिओचे थेंबही नाहीत, आणि घरात लहान भावंड असेल तर त्यालाही थेंबांऐवजी इंजेक्शनचा पोलिओ द्यायला सांगा, कारण थेंबांतला विषाणू शौचातून बाहेर पडतो. फेब्रुवारी-ऑगस्टमधली जंतनाशक गोळी डॉक्टरांना विचारून. लोहाच्या गुलाबी गोळ्या मात्र नकोच, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय : रक्त चढवलेल्या मुलांच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं.

पोषण आहारातली गरम, ताजी खिचडी चालते. मोड आलेली कच्ची मटकी, कापून ठेवलेली फळं, गेटबाहेरची बोरं-चिंचा नकोत. उकळून गार केलेलं पाणी घरून द्या, बाटली रोज साबणाने घासा.

हातापायांचं शिक्षकांच्या लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधामुळे बोटांतली ताकद कमी होते, पेन्सिल घट्ट धरता येत नाही, अर्ध्या पानानंतर अक्षर मोठं होत ओळ सोडून उतरायला लागतं. पाऊल नीट उचललं जात नाही, बुटाचं टोक पायरीला अडतं. हा आळशीपणा नव्हे. फळ्यावरचं उतरवून घ्यायला पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स चालेल का, तोंडी उत्तर चालेल का, वर्ग तळमजल्यावर घेता येईल का, हे विचारा. पाऊल फार ओढत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. पाठीच्या मणक्यातून दिलेल्या केमोमुळे काही मुलांचं लक्ष लवकर विचलित होतं, आकडेमोडीला वेळ लागतो. पाढे अडखळायला लागले तर सहामाही परीक्षेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये (उपचारांच्या ठरलेल्या आराखड्यात) दर महिन्याला पाच दिवस स्टिरॉइड असेल, तर त्या आठवड्यात तो चिडेल, रडेल, दर तासाला भूक लागेल. बाईंना तारखा आधीच द्या आणि वर्गात डबा उघडायची परवानगी घ्या.

मुख्याध्यापकांशी भांडायची वेळ बहुधा येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळा नाकारता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असू द्या, पण बोलणं त्यावरून सुरू करू नका. त्यांना भीती असते, आपल्याला काय करायचं ते माहीत नाही याची. म्हणून हातात एकच पान द्या :

‘हा आजार संसर्गजन्य नाही. ताप १०० किंवा जास्त, थंडी, न थांबणारं रक्त, डोक्याला मार : आईला लगेच फोन, न लागल्यास बाबांना, मग डॉक्टरांना. कोणतंही औषध देऊ नये. नाकातून रक्त आल्यास पुढे वाकवून बसवावं, नाकाचा मऊ भाग १० मिनिटं न सोडता दाबून धरावा. लघवीला, पाणी प्यायला विचारल्यावर लगेच सोडावं. टोपी आणि मास्कला गणवेशातून सूट द्यावी.’

वर्गातल्या मुलांना काय सांगायचं, हे आधी तुमच्या मुलाला विचारा. काहींना बाईंनी सांगितलेलं चालतं, काहींना मुळीच नको असतं. ‘तुझे केस कुठे गेले?’ हे कोणीतरी विचारणारच. उत्तर घरी चार-पाच वेळा म्हणून घ्या : ‘औषधाने गेले, परत येतायत.’ एवढं पुरतं. टोपी ओढली तर काय करायचं, तेही ठरवा. बाईंकडे जायचं, मारामारी करायची नाही.

सुरुवात सोमवार, बुधवार, शुक्रवार, दोन-दोन तासांनी करा, मधल्या सुट्टीसकट, कारण मित्र तिथेच भेटतात. मेथोट्रेक्सेटचा वार शुक्रवार रात्र करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, म्हणजे मळमळ शनिवार-रविवारी निघून जाईल. तो वार परस्पर बदलू नका. मणक्यातलं इंजेक्शन असेल तो दिवस आणि दुसरा दिवस सुट्टी. दप्तर निम्मं रिकामं ठेवा, पुस्तकांचा दुसरा संच शाळेत राहू द्या. तीन आठवड्यांनी तो दुपारी घरी आल्यावर झोपतोय की खेळायला पळतोय ते बघा आणि त्याप्रमाणे तास वाढवा.