कराराचा फोटो नको, परिशिष्ट दाखवा

श्टुटगार्टजवळून एका ताईंचं पत्र आलंय. सासर सेलूचं, माहेर गंगाखेडचं. पत्र लांबलचक आहे आणि आपल्याकडच्या पद्धतीनं खुशाली, पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव वगैरे सगळं होऊन मुद्दा तिसऱ्या पानावर उगवतो. त्या लिहितात:

"काकू, आमच्या मोठ्या भावजींचा मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या कॉलेजचा इथल्या एका विद्यापीठाशी करार झालाय. साडेतीन लाख भरले की एक सेमिस्टर जर्मनीत. भावजी म्हणतात, तुम्ही तिथंच आहात, पोरगं तुमच्याच घरी राहील, खर्च असा कितीसा येणार? जाऊबाईंनी तर अख्ख्या गल्लीत सांगून टाकलंय. नाही कसं म्हणू? आणि हो म्हटलं तर त्याला इथली डिग्री मिळेल ना?"

ताई, शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते, म्हणजे जाऊबाईंना फोन लावायला बरं. नाही मिळणार. एक सेमिस्टर बाहेर काढून आलेल्या पोराला पदवी त्याच्याच विद्यापीठाची मिळते. जर्मनीहून येतं ते त्या काही महिन्यांचं गुणपत्रक. दोन्हीकडची पदवी हवी तर तो अभ्यासक्रमच निराळा. यूजीसीनं मे 2022 मध्ये त्याचे नियम काढलेत. ट्विनिंगमध्ये एकूण क्रेडिटपैकी 30 टक्क्यांपर्यंत परदेशात करता येतात आणि पदवी भारतातल्या संस्थेचीच राहते. जॉइंट डिग्रीला दोन्ही संस्थांत किमान 30-30 टक्के क्रेडिट लागतात आणि दोघींचं मिळून एकच प्रमाणपत्र येतं. ड्युअल डिग्रीत दोन पदव्या मिळतात, पण भारतातल्या संस्थेचे क्रेडिट 30 टक्क्यांच्या खाली चालत नाहीत. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात यातला एकही शब्द नाही. 'इंटरनॅशनल एक्स्पोजर' तेवढं चार वेळा आहे.

सोबत पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. फेटा बांधलेले दोन गोरे पाहुणे, गळ्यात शाली, हातात नारळ, मागं फ्लेक्स. अध्यक्षांच्या हातात उघडी फाइल आणि तिच्यात एकच पान, खाली दोन सह्या. याला सामंजस्य करार म्हणतात आणि तो खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण तो म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम. पोहे खाल्ले, एकमेकांची माणसं पाहिली, इतकंच. लग्न ठरलं की नाही ते कराराला मागून जोडलेल्या परिशिष्टात कळतं. दरवर्षी कोणत्या शाखेची किती मुलं जाणार, तिकडून किती येणार, फी कोण माफ करणार, इथल्या कोणत्या विषयाच्या बदल्यात तिथला कोणता विषय धरणार आणि दोन्हीकडं जबाबदार माणूस कोण, हे सगळं त्यात असतं. ते पान मागा. भावजींना म्हणावं, कॉलेजात जाऊन फोटो नको, परिशिष्ट दाखवा म्हणा.

आमच्या घरात याला परिशिष्टपुराण म्हणतात. माझा आवाज चढला की हे चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जातात. जाऊ देत. माझ्या उदगीरच्या भावाची लेक अशीच गेली होती, कराराखाली, वाजतगाजत. स्टेशनवर निम्मं उदगीर आलं होतं. पोरीनं तिकडं जीव तोडून अभ्यास केला, चांगले मार्क आणले. परत आल्यावर विद्यापीठ म्हणालं, यातले दोन विषय आमच्या अभ्यासक्रमात बसत नाहीत, ते पुन्हा द्या. तिचं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तिकडं कोणते विषय शिकणार याचा लेखी कागद, मी स्वतः पाहिलंय. तीन सह्यांच्या जागा असतात त्यावर: विद्यार्थी, तिकडचं विद्यापीठ, इकडची संस्था. पहिल्या दोन सह्या होत्या. तिसऱ्या चौकटीत कॉलेजचा गोल शिक्का होता आणि सहीच्या जागी काही नाही. शिक्का मारणाऱ्याला विषय मान्य करायचा अधिकारच नव्हता! भावानं खेटे घातले, मी इथून रात्री जागून फोन केले, पण पोरीचं वर्ष गेलं ते गेलंच.

यातली गोम आपल्या मराठवाड्यातल्या पालकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा विस्तारानं सांगते. कॉलेज संलग्न असेल तर पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. तुमच्या पुतण्यासारखी कितीतरी पोरं शिकतात संभाजीनगर, लातूर, नांदेडला आणि पदवी असते लोणेऱ्याची, म्हणजे थेट रायगड जिल्ह्यातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची. मग करार कॉलेजनं केला तरी 'हा जर्मन विषय आमच्या त्या विषयाबरोबर धरतो' असं लेखी कोण देणार? विद्यापीठच. कॉलेज स्वायत्त असेल तर त्यांच्या अभ्यास मंडळाला बरंचसं ठरवता येतं, काम सोपं होतं. म्हणून पहिला प्रश्न कॉलेज स्वायत्त आहे का हा, आणि दुसरा, विषयांच्या अदलाबदलीचं पत्र निघण्याआधी मिळणार की आल्यावर. 'आल्यावर बघू' म्हणाले तर समजून जा.

आता साडेतीन लाखांचं. ताई, तुम्ही इतकी वर्षं तिथं राहता आणि हा हिशेब मला विचारता? तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सेमिस्टरपासून सेमिस्टरला 1500 युरो फी आहे. आजच्या भावानं दीड लाखाच्या आसपास. तीसुद्धा स्वतःच्या बळावर प्रवेश घेणाऱ्याला. विद्यापीठांच्या करारातून अदलाबदलीवर आलेल्या मुलाला ती लागत नाही, कारण अदलाबदलीचा अर्थच तो: पोरगं आपली नेहमीची फी आपल्या कॉलेजला भरतं आणि तिकडचं विद्यापीठ शिकवण्याचे पैसे घेत नाही. किरकोळ सेमिस्टर-वर्गणी तेवढी भरावी लागते. मग हे साडेतीन लाख कशाचे? विमान, व्हिसा, विमा हे त्यात नाही असं माहितीपत्रकच सांगतं. म्हणजे एक तर ही अदलाबदल नाही, पैसे देऊन घेतलेली जागा आहे, नाहीतर मध्ये कुणीतरी दलाल बसलाय. दोन्हीपैकी काय, ते पावती कुणाच्या नावानं फाडतात यावर कळेल.

वेळापत्रकही पाहा. तुमच्याकडच्या विद्यापीठांचं उन्हाळी सेमिस्टर 1 एप्रिलला लागतं आणि परीक्षा जुलै-ऑगस्टपर्यंत चालतात. आपल्याकडं मे-जूनमध्ये परीक्षा, जुलै-ऑगस्टात पुढचं सेमिस्टर. पोरगं एप्रिलात निघालं तर इकडचं चालू सेमिस्टर अर्धवट सुटतं आणि पुढच्याची सुरुवात हुकते. जिथं करार खरोखर चालतो तिथं ही सांधेजोड आधीच केलेली असते, कारण आधीच्या मुलांनी ठेचा खाल्लेल्या असतात. याच करारातून आधी जाऊन आलेल्या दोन मुलांचे नंबर मागा. असतील तर खुशाल पाठवा. एकही नसेल तर आपलं लेकरू पहिलं ठरणार.

आणि हे सगळं विचारायचं कुणी? इथंच मला तुम्हाला चार शब्द सुनवायचेत, रागावू नका. तुम्ही लिहिलंय, "सुट्टी काढून त्या विद्यापीठात जाऊन येऊ का?" मुळीच नको. परदेशातल्या काका-काकूंनी धावपळ करायची आणि पोरानं हॉस्टेलवर क्रिकेट बघायचं, हा आपल्या घराघरातला रोग आहे. त्या जर्मन विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पुतण्याला स्वतः ईमेल लिहू द्या. मोजकं लिहावं: मी अमुक कॉलेजचा, अमुक शाखेचा, आपला करार माझ्या शाखेला लागू आहे का, फी माफ आहे का, 30 ईसीटीएसचे (म्हणजे युरोपातल्या 30 क्रेडिटचे) विषय मी कोणते निवडू शकतो. धाकट्या बहिणीच्या मुलानं नांदेडहून असंच केलं. इंग्रजी कच्चं, तीनदा खोडलं, पण स्वतः लिहिलं. उत्तर आलं की करार फक्त संशोधनापुरता आहे, पदवीच्या मुलांना लागू नाही. कॉलेजनं तोवर पैशाची तारीखसुद्धा दिली होती! बहिणीचे पैसे वाचले आणि पोरगं पुढं रीतसर मास्टर्सला गेलं. तुमच्या पुतण्यालाही तो रस्ता मोकळा आहे. पदवी पूर्ण करून यावं, एपीएस प्रमाणपत्र काढावं (म्हणजे आपल्या कागदपत्रांची पडताळणी, नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना ती सक्तीची आहे) आणि युरोपात दोन-तीन देशांत फिरून शिकायचं असेल तर इरॅस्मस मुंडुस या युरोपीय संघाच्या योजनेतले संयुक्त मास्टर्स पाहावेत. शिष्यवृत्ती लागली तर फी भरावी लागत नाही आणि महिन्याला 1400 युरो हाती येतात.

खरा करार कसा असतो ते पाहायला लांब जायला नको. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय, गुरुत्वीय लहरींची, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. 2016 मध्ये केंद्रानं तत्त्वतः मान्यता दिली, पूर्ण मंजुरी आली एप्रिल 2023 मध्ये, 2600 कोटींची. कोण काय देणार ते ठरलेलं: यंत्रातले महत्त्वाचे भाग अमेरिकेच्या लायगो प्रयोगशाळेकडून, जागा, इमारत आणि निर्वात नळ्या भारताच्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचंही तसंच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर काम करून 2018 मध्ये त्यांनी लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी दिली. तिथं फेट्यांचे फोटो निघाले की नाही ठाऊक नाही, ज्वारी मात्र शेतात आली. तुमच्या फिजिक्सवाल्या लेकीला भारतात काही करायचंय असं लिहिलंय, तिनं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेकडं चौकशी करावी. तिथल्या संशोधकांचा लायगो-इंडियात मोठा वाटा आहे. सुट्टीत औंढ्याला आजोबांबरोबर नागनाथाचं दर्शनही होईल.

नांदेडच्या नणंदबाईंना पीएचडीतले काही महिने बाहेर काढायचेत, तर आधी परदेशी मार्गदर्शक शोधायचा, शिष्यवृत्ती मागाहून. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपला अर्ज करायचा तर तिथल्या यजमान संस्थेशी आधीच पत्रव्यवहार करावा. जर्मनीसाठी डीएएडी या तिथल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची दोन मार्गदर्शकांची (एक इकडचा, एक तिकडचा) योजना आहे. त्यांचा विषय तुम्ही लिहिलाच नाही, मग मी तरी काय सांगणार!

खात्यातल्या पैशांचं विचारलंत. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटला (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते), सेमिस्टरपुरतं आला तर त्या प्रमाणात कमी. भावजी म्हणतील, त्यापेक्षा काकाच हमी देतो. ते फेअरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग नावाचं प्रकरण नावापेक्षाही लांब चालतं. पोराचा खर्च पाच वर्षांपर्यंत तुमच्या यजमानांच्या डोक्यावर येऊ शकतो, सही नात्यापोटी केली तरी. नको.

घरी ठेवायचं का? पहिला महिना ठेवा, तेवढं करावंच लागतं. पण वसतिगृहाच्या यादीत त्याचं नाव प्रवेशपत्र आल्याच्या दिवशी लावा, तिथं रांग फार मोठी असते. आणि जाऊबाईंना महिन्याचा आकडा आत्ताच सांगून ठेवा. शाकाहाराचं काय म्हणाल तर येताना काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी आणायला सांगा, थोडी जास्तच.