साठ सिटिंगचं पॅकेज घ्यावं का? एफडी मोडावी का?

प्रश्न: आम्ही चिंचवडला राहतो. मुलगी नऊ आठवड्यांची आहे. तिची मान डावीकडे कललेली असते आणि तोंड सतत उजवीकडे. मानेत गाठ हाताला लागली म्हणून सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी जन्मजात टॉर्टिकोलिस (मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असणं) सांगितलं आणि फिजिओथेरपी सुरू करायला सांगितली. क्लिनिकचं ६० सिटिंगचं पॅकेज ५४,००० रुपयांचं आहे, सगळे आगाऊ. सुटी सिटिंग १,००० रुपये. ऑपरेशन लागलंच तर वेगळे पैसे. यांचा पगार ५८,०००, माझा ४२,०००, घराचा हप्ता ३१,०००, एसआयपी १०,००० आणि जवळ २ लाखांची एकच एफडी. ती मोडावी का? बाळंतपणाची रजा संपल्यावर मी तीन महिने बिनपगारी घरी राहावं का? सासरे म्हणतात, आपोआप बरं होतं, खर्च कशाला.

उत्तर: ताई, एफडीला हात लावू नका आणि पॅकेजही घेऊ नका. फिजिओथेरपी मात्र याच आठवड्यात सुरू करा. सासऱ्यांचं ऐकून थांबलात तर तेच सगळ्यात महागात पडेल. पहिल्या तीन महिन्यांत उपचार सुरू झाले तर बहुतेक बाळांचं काम काही महिन्यांत आटोपतं. सहा महिन्यांनंतर सुरुवात केली की तेच नऊ-दहा महिने किंवा त्याहून जास्त लांबतं, आणि ऑपरेशनची शक्यताही वाढते.

आता पॅकेजचा हिशोब. ५४,००० भागिले ६० म्हणजे सिटिंगमागे ९००. सूट १०० रुपयांची, पण ती पदरात पडायला ५४ च्या वर सिटिंग व्हायला हव्यात. नऊ आठवड्यांच्या बाळाला तेवढ्या लागतीलच असं आज कोणी सांगू शकत नाही. पहिला महिना आठवड्यातून दोनदा, पुढचे दोन महिने एकदा, मग अधूनमधून तपासणी, असं धरलं तर साधारण २० सिटिंग होतात, म्हणजे २०,००० रुपये आणि तेही चार-पाच महिन्यांत विभागून. अंदाज चुकून ४० लागल्या तरी ४०,०००. मधेच क्लिनिक बदलावंसं वाटलं, तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळवताना काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

शिवाय खरा उपचार क्लिनिकमध्ये होत नाही, घरी होतो. मानेचा आखडलेला स्नायू दिवसातून अनेकदा हलकेच ताणावा लागतो, डायपर बदलताना, अंघोळीनंतर. तो कसा आणि किती ताणायचा हे थेरपिस्टकडून हाताला हात लावून शिकायचं. पैसे त्या शिकण्याचे आहेत. म्हणून पहिल्या दोन-तीन सिटिंगला सासूबाई किंवा तुमची आई, जी बाळाला सांभाळणार असेल तिला, सोबत न्या. बाकीचं फुकट आहे: तुमच्याकडे बघायला तिला मान डावीकडेच वळवावी लागेल अशा बेताने पाळण्यात झोपवा, खुळखुळा डाव्या बाजूने वाजवा, जागी असताना तुमच्या नजरेसमोर पोटावर पालथी घाला. मालिशवाल्या बाईंना मात्र मान ओढू देऊ नका. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी किंवा ऑनलाइन मिळणारी खोलगट उशी घेणार असाल तर तेही पैसे वाचवा. एवढ्या लहान बाळाला झोपेत उशी नको, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात.

एका ठिकाणी काटकसर करू नका. या बाळांमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो. खुब्याची तपासणी आणि गरज असल्यास सोनोग्राफी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून लवकर करून घ्या. तो दोष उशिरा लक्षात आला तर खर्च कुठल्या कुठे जातो.

ऑपरेशनचं म्हणाल, तर लवकर उपचार सुरू झालेल्या दहातल्या नऊहून अधिक बाळांना ते लागत नाही. लागलंच तरी ते अचानक येत नाही. सहा महिने ते वर्षभर नीट व्यायाम करूनही मान पुरेशी वळत नसेल तेव्हा त्याचा विचार होतो, सहसा बाळ वर्षाचं झाल्यावर. नियोजनाच्या दृष्टीने ही सोन्यासारखी गोष्ट आहे, कारण हाताशी वर्षभर आहे. एसआयपी १०,००० वरून ५,००० करा आणि उरलेल्या ५,००० ची बारा महिन्यांची आरडी काढा. ६०,००० आणि वर थोडं व्याज जमेल. ऑपरेशन नाही झालं तर तीच रक्कम बालवाडीच्या फीला. २ लाखांची एफडी म्हणजे तुमच्या घराच्या हप्त्यांची जेमतेम साडेसहा महिन्यांची सोय. बाळ लहान असताना ती मोडणं मला पटत नाही.

विमा सिटिंगचे पैसे बहुधा देणार नाही, कारण बाह्यरुग्ण उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. ऑपरेशनसाठी तुमच्या यजमानांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी कामी येऊ शकते, म्हणून बाळाचं नाव त्यात घातलंय का ते आधी बघा. नवजात बाळाचं नाव घालायला मुदत असते आणि ती उलटली तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागू शकतं. 'बाह्य जन्मजात दोष' (जन्मतः असलेले, बाहेरून दिसणारे दोष) वगळलेत का, हेही पॉलिसीत वाचा. स्वतःची नवी पॉलिसी काढताना हा आजार लपवू नका. त्यावर तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा लागू शकते, म्हणजे तोवर या आजाराचा खर्च मिळणार नाही, पण लपवलं तर पुढे भलताच दावाही अडकेल. सुट्या सिटिंगचा खर्चही जड वाटला तर औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनला फिजिओथेरपीची चौकशी करा. तिथे रांग असते, पण व्यायाम तोच.

राहिली रजा. २६ आठवड्यांपैकी दोन आठवडे तुम्ही बाळंतपणाआधी घेतले असं धरलं, तर अजून १५ आठवडे पगारी शिल्लक आहेत, आणि नेमका हाच काळ उपचाराचा आहे. तीन महिने बिनपगारी राहण्याची किंमत १,२६,००० रुपये. तो निर्णय आज घेऊच नका. दर सिटिंगला मान डावीकडे किती अंशांपर्यंत वळते ते थेरपिस्टकडून वहीत लिहून घ्या. बाळ पाच महिन्यांचं झालं की ती वही आणि सासूबाईंचा व्यायामातला हात, दोन्ही बघून मग ऑफिसला कळवा.