गोव्यात ओळखीपाळखी नसताना ग्राफिक डिझाइनची नोकरी कशी शोधावी?
फोंड्यातून अनेक अर्ज पाठवूनही उत्तर येत नाही, असे आपण लिहिले आहे. नोकरीच्या नव्या जागेची खबर जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून अधिक मिळते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडले होते. म्हणून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि सेरेंडिपिटी कला महोत्सव यांच्या निमित्ताने पणजीत येणाऱ्या कलावंतांना, आयोजकांना अवश्य भेटावे आणि त्याच रात्री, कोणत्या कामाविषयी बोलणे झाले ते नमूद करून, लिंक्डइनवर दोन ओळींचा निरोप पाठवावा. त्यात लगेच नोकरी मागू नये. त्याऐवजी, जत्रेतील एखाद्या नाटकाच्या भित्तिपत्रकाचा कच्चा आराखडा आणि अंतिम रूप इन्स्टाग्रामवर शेजारीशेजारी ठेवून त्यावर मत मागावे, कारण मत देताना समोरची व्यक्ती आपले काम खरोखर बारकाईने पाहते.