खऱ्या सिस्टर आणि बाळंतपण

प्रश्न : ताई, आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईला सारं गाव सिस्टर म्हणते. माझी लेक नर्सिंगला आहे, तिथं चर्चच्या खऱ्या सिस्टर शिकवतात. लेक म्हणते, एकेकाळी या सिस्टरांना बाळंतपण करायची बंदी होती. हे खरं काय?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : लेक खरं सांगते. ३२ वर्षं मी नर्सबाई होते, तरी मला हे रिटायर झाल्यावर कळलं. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईनं बाळंतपणाला हात लावणं रोमच्या चर्चला शोभत नसे. आजाऱ्याची सेवा करा, पण डॉक्टरकी आणि सुईणपण नको.

हे बदललं त्यात मोठा हात ॲना डेंगेल या बाईचा. जन्म १८९२, ऑस्ट्रियातल्या डोंगरी गावातला. रावळपिंडीत बायकांचा दवाखाना काढायला धडपडलेल्या ॲग्नेस मॅकलॅरन या स्कॉटिश डॉक्टरीणबाईंशी तिचा पत्रव्यवहार झाला. भेट झालीच नाही, १९१३ साली मॅकलॅरनबाई वारल्या. ॲना मात्र आयर्लंडात डॉक्टर झाली आणि १९२० साली रावळपिंडीला आली. तिथल्या पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरापुढे येत नसत. घरीच मरत.

तुम्ही म्हणाल, ते तिकडचं. मी सांगते इकडचं. पऱ्हाटीच्या हंगामात एक पहिलटकरीण बंडीतून आणली. डॉक्टर चांगले, पण पुरुष. ती बंडीतून उतरेचना. "मानसासमोर मी नाई झोपत त्या टेबलावर. मेली तं मेली." शेवटी तिच्या सासूनं आणि जावेनं लुगडं आडवं धरलं आणि मी तिथंच, बंडीत, कडब्यावर बाळंतपण केलं. बाईपाशी बाईच लागते, हे ॲनाला रावळपिंडीत असंच दिसलं असेल.

एकट्या डॉक्टरचं काम नव्हे ते. म्हणून १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये चौघी जमल्या, दोघी डॉक्टर, दोघी नर्स. त्याच मेडिकल मिशन सिस्टर्स. पण बंदी होती ना! मग त्यांनी जाहीर व्रतं घेतलीच नाहीत. राहायचं जोगिणीसारखं, काम डॉक्टरचं. अशी ११ वर्षं काढली. १९३६ साली रोमनं परवानगी दिली, बाळंतपणासकट, आणि मग त्या रीतसर सिस्टर झाल्या. ॲना १९८० साली रोममध्ये वारली.

मदर तेरेसांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. त्या १९४८ साली शुश्रूषा शिकायला पाटण्याला याच सिस्टरांच्या दवाखान्यात होत्या. पुढं आपल्या सिस्टरांनी गरिबांसारखं नुसतं भात-मीठ खायचं, असा त्यांचा बेत. पाटण्याच्या सिस्टरांनी तो मोडून काढला. अर्धपोटी राहून आजाऱ्यांची सेवा कशी होणार? ऑपरेशनच्या शिबिरांत दिवस दिवस चहा-मुरमुऱ्यांवर काढले आहेत मी. तेव्हा एखादी पाटण्याची सिस्टर आमच्या साहेबांना भेटायला हवी होती.